दाखला न काढता गेलेली पोरं

(बोललेल्या भागाचं हे शब्दांकन आहे. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मी प्राथमिक शिक्षक, आता निवृत्त. ३६ वर्षं नोकरी झाली, त्यातली बहुतेक कुंडल आणि आसपासच्या गावांत, मळ्यांत, वस्तीवरच्या शाळांत. या भागासाठी मला विषय दिलाय की खेड्यातले मुलगे प्राथमिक शाळा अर्ध्यात का सोडतात. मुलींच्या गळतीबद्दल बरंच बोललं जातं, आणि बोललंच पाहिजे. पण मुलग्यांचा विषय निघाला की मला आकडे आठवत नाहीत, माझा थोरला भाऊ आठवतो. म्हणून तिथूनच सुरू करतो.

१९७२ चा दुष्काळ. मी पहिलीत होतो, आण्णा सहावीत. विहीर आटलेली, वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. एका संध्याकाळी लांबच्या नात्यातले एक मामा घरी आले. त्यांचं गलाईचं दुकान होतं.

बाहेरच्या लोकांना गलाई म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. आमच्या विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या पट्ट्यातली माणसं देशभर सोनं-चांदी गाळायला गेलेली आहेत. केरळपासून काश्मीरपर्यंत कुठल्याही सराफकट्ट्यावर जा, एखादा आपल्याकडचा गलाईवाला भेटणारच. जुने दागिने, सराफाच्या दुकानातला झाडून काढलेला कचरा, हे सगळं भट्टीत घालायचं, तेजाबात टाकायचं आणि शुद्ध धातू वेगळा करून द्यायचा. पाऊस नाही, शेतात काही नाही, म्हणून माणसं गेली आणि बऱ्याच जणांनी नाव काढलं. पण प्रत्येक दुकानात मूस उचलायला, कोळसा फोडायला, झाडलोट करायला एक पोरगं लागायचं. आणि ते गावाकडूनच न्यायचं.

मामांनी आण्णाचा हात बघितला. "हात चालतोय पोराचा," म्हणाले. वर्षाला ठरावीक रक्कम, जेवणखाण, कपडे त्यांच्याकडे, दोन वर्षांनी गावी सोडायचं. एवढ्यावर ठरलं. आण्णाकडे धड कपड्यांचा एकच जोड होता, शाळेचा. पांढरा सदरा, खाकी चड्डी. त्याच कपड्यांत तो किर्लोस्करवाडी स्टेशनवर गाडीत बसला. मिरजेला गाडी बदलून पुढं कोईमतूर. शाळेच्या गणवेशात कामाला गेला, हे मला पुष्कळ वर्षांनी लक्षात आलं. तेव्हा मला फक्त गाडीचं अप्रूप होतं.

आमच्या घरात "त्यानं शाळा सोडली" असं कुणी कधी म्हणालं नाही. "पोरगं मार्गी लागलं" असंच म्हणायचे. शाळेत कुणी सांगायला गेलं नाही, दाखला काढायचा प्रश्नच नव्हता. आणि पुढं माझं डी.एड. झालं ते आण्णाच्याच मनीऑर्डरीवर. त्या मनीऑर्डरीचा फॉर्म त्याला कुणाकडून तरी भरून घ्यावा लागायचा. सहावीपर्यंत शिकलेला, पण दहा वर्षं पेन हातात धरलं नाही की अक्षर हातातून जातं.

आता यातली मुख्य गोष्ट. पन्नाशीत आण्णाला जन्मतारखेचा पुरावा लागला. आम्ही दोघं त्याच्या जुन्या शाळेत गेलो, जनरल रजिस्टर काढलं. त्याचं नाव सापडलं. शाळा सोडल्याचं कारण म्हणून एक रकाना असतो. त्यात लिहिलेलं होतं, "सतत गैरहजर".

आण्णानं दोनदा वाचलं. म्हणाला, "गैरहजर? अरं, मी कामावर एक दिस खाडा केला न्हाई."

हसलो आम्ही तेव्हा. पण मी स्वतः शिक्षक होतो. तोच शेरा मीही किती नावांपुढं लिहिला असेल, याचा हिशेब त्या रात्री मनात सुरू झाला. हजेरीपत्रकात गैरहजर हा एकच शब्द असतो. पोरगं कुठं हजर आहे, हे लिहायला जागाच नसते.

मुलग्याचं काय होतं ते सांगतो. खेड्यातल्या मुलीलाही काम असतंच. धाकटी भावंडं, पाणी, चूल. पण त्या कामाचे पैसे कुणी देत नाही, म्हणून ते काम म्हणून मोजलंच जात नाही. मुलगा १०-११ वर्षांचा झाला की त्याच्या कामाला बाजारात भाव येतो. कुणीतरी बाहेरचा माणूस येऊन म्हणतो, पोरगं देता का? गलाईवाला म्हणतो, मुकादम म्हणतो, मेंढ्यांचा कळप असलेला पाहुणा म्हणतो, हॉटेलवाला म्हणतो. आणि घरात पैशाची नड असेल त्याच आठवड्यात हा प्रश्न येतो. शाळेकडून त्याच आठवड्यात कुणी काही विचारायला येत नाही.

हे काही आजचं नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं हेच मांडलं होतं. शेतकरी आपली मुलं शाळेत घालत नाही कारण दारिद्र्य आहे, आणि गुरं राखायला, शेताकडं बघायला त्याला ती मुलं लागतात. म्हणून नुसत्या शाळा वाढवून भागणार नाही, मुलांना शिष्यवृत्त्या द्या, बक्षिसं द्या, असं त्यांचं मागणं होतं. म्हणजे पोराच्या कामाची घरातली किंमत त्यांनी ओळखली होती. तिकडं कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम काढला आणि पोर शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला. आणि तिसरी वाट कर्मवीर भाऊरावांची. रयत शिक्षण संस्था १९१९ ची. भाऊराव कधीकाळी किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरलेले, शेतकऱ्याच्या घरात काम किती आणि हात किती हे त्यांनी उंबऱ्यात बसून बघितलेलं. त्यांनी कामच शाळेत आणलं, कमवा आणि शिका. किर्लोस्करवाडी आमच्या कुंडलला लागूनच आहे, म्हणून हे सांगताना मला जरा जास्तच आपलेपणा वाटतो, एवढं चालवून घ्या.

आमचा भाग शिक्षणाला नावं ठेवणारा नाही. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारात क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड आणि तुफान सेना याच कुंडलनं दिली. भारती विद्यापीठ १९६४ साली काढणारे पतंगराव कदम शेजारच्या सोनसळचे. तरीही पोरं गळत होतीच. त्यामुळं "पालकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही" हे प्रशिक्षणात ऐकलेलं वाक्य मला कधी पटलं नाही. माझ्या आईला महत्त्व चांगलं कळत होतं. दोघांतल्या एकालाच शिकवता येईल, हेही कळत होतं.

आता शाळेच्या आतलं बोलतो, कारण सगळा दोष गरिबीवर टाकून शिक्षकानं मोकळं होऊ नये.

माझ्या वर्गात दरवर्षी एक 'कामाचा' पोरगा असायचा. कुठल्याही शाळेत जा, असतोच. घंटा तो देणार, पाण्याची टाकी तो धुणार, तांदळाचं पोतं तो सरकवणार, पाहुणे आले की चहा सांगायला तो पळणार. आम्ही त्याचं कौतुक करायचो, मोठा हुन्नरी आहे म्हणून. नीट बघितलं तर तोच वर्गात वाचता न येणारा पोरगा असायचा. मराठीचा तास सुरू झाला की तो स्वतःहून विचारायचा, "गुर्जी, पाणी भरून ठिवू का?" आणि मी म्हणायचो, जा. त्याची सुटका व्हायची, माझीही व्हायची. तिसरी-चौथीतच त्याची शाळा सुटलेली असायची, फक्त शाळेच्या आवारात. पुढं जो कुणी गलाईवाला किंवा मुकादम त्याला न्यायचा, त्याला तयार कामकरी मिळायचा. शिकवून तयार केलेला, आमच्याकडूनच.

मुली असं करत नसत असं नाही, पण मुलीला आम्ही पोती उचलायला सांगत नव्हतो. ती वर्गात बसून राहायची, चुकत-माकत वाचायची. बसून राहिल्यानं थोडं तरी येतंच.

आणखी एक कबूल करतो. वाचताना अडखळला की मी म्हणायचो, "म्हशी राखायला जा." हे वाक्य आम्हा शिक्षकांच्या तोंडात बसलेलंच होतं. एकदा चौथीतला एक पोरगा शांतपणे म्हणाला, "गुर्जी, सकाळी राखूनच आलोय." त्याला ती धमकी वाटलीच नव्हती. म्हशी राखायचं त्याला चांगलं येत होतं. तिथं त्याला कुणी हसत नव्हतं. तो पुढच्या जूनमध्ये आला नाही.

हे झालं गावातून जाणाऱ्या पोरांचं. आता गावात येणाऱ्यांचं. ताकारी योजनेचं पाणी आलं, इकडं ऊस वाढला. कारखाने आले, आणि ऊस तोडायला टोळ्या येऊ लागल्या. बीड, जालना, नगरकडच्या, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या जत, आटपाडीच्याही. म्हणजे एकेकाळी दुष्काळानं आमची पोरं बाहेर घालवली, आणि आता दुसऱ्यांच्या दुष्काळातली पोरं आमच्या शिवारात खोपीत राहतात. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात, पाडव्याच्या पुढंमागं परत जातात. शाळेचं वर्ष जून ते एप्रिल. म्हणजे अर्धं वर्ष एका गावाला, अर्धं दुसऱ्या जिल्ह्यात.

२०१३ चा नोव्हेंबर असावा. माझ्याकडं एक म्हैस होती, तिला वैरण म्हणून वाढं घ्यायला मी रस्त्यावर थांबायचो. उसाचं वरचं हिरवं शेंड्याचं, ते पेंड्या बांधून ऊसतोड कामगार विकतात, तेवढीच रोजची वरकड. तिथं १० वर्षांचा एक पोरगा विकायला बसायचा. पाच पेंड्यांचे किती, बारांचे किती, सुट्टे किती परत, तोंडावर. मी विचारलं, कितवीला? "चौथीला." कुठं? "गावाकडं, बीडला."

मी त्याच्या बापाला भेटलो, नाव घातलं. कायद्याप्रमाणं वयानुरूप प्रवेश, म्हणजे चौथीत. पहिल्या दिवशी पुस्तक दिलं. त्यानं पान उलटलं, दुसरं उलटलं. मग चित्र बघून स्वतःच्या मनानं काहीतरी सांगायला लागला, बोट ओळीवरून फिरवत. पोरं हसली. त्याला एक ओळ वाचता येत नव्हती.

कायद्यात अशा मुलासाठी विशेष प्रशिक्षणाची तरतूद आहे. माझ्यापुढं दोन इयत्ता एकत्र बसलेल्या. मी म्हटलं, बघू. तो पहिल्या आठवड्यात चार दिवस आला. दुसऱ्या आठवड्यात दोन. मग टोळीला ट्रॅक्टर रात्रीचा यायला लागला. ट्रॅक्टर केव्हाही येवो, भरून द्यावाच लागतो. आईबाप मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढणार, आणि हा खाली बॅटरी धरणार, मोळ्या सारून देणार. पहाटे पुन्हा फड. झोपणार केव्हा आणि शाळेत येणार केव्हा? नंतर टोळी दुसऱ्या गावाला हलली. त्याचा बाप काही वाईट माणूस नव्हता. मुकादमाची उचल घेतलेली, ती कोयत्यावर फिटायची. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. हाताखाली पोरगा असला तर मोळ्या वाढतात, उचल लवकर फिटते. "सर, यंदा फिटू द्या. पुढच्या साली ठिवतो त्याला गावाकडं," म्हणाला.

आणि मी काय केलं? मार्चपर्यंत त्याची हजेरी लावली. सलग महिनाभर गैरहजर राहिला की तो शाळाबाह्य ठरतो, मग कागद, मग खुलासा. शिवाय पट कमी झाला की शिक्षक अतिरिक्त ठरायची भीती. मला स्वतःला पटवायला एक चांगलं कारणही होतं, नाव टिकलं तर पोरगं टिकेल. पुढं त्याच्या गावाकडच्या गुरुजींशी फोनवर बोलणं झालं तेव्हा कळलं, तिकडंही त्याचं नाव कमी केलेलं नव्हतं, हजेरी चालू होती. एकच पोरगं दोन जिल्ह्यांत हजर, आणि प्रत्यक्षात उसात. दोन्हीकडं चौथी पास.

आण्णाच्या नावापुढं निदान "गैरहजर" लिहिलेलं होतं. ते अपुरं होतं, पण खोटं नव्हतं.

म्हणून प्राथमिक शाळेतली गळती शून्याच्या आसपास आली असं कागदावर वाचलं की मी गप्प बसतो. ४ जुलै २०१५ ला राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं, आम्हीही दारोदार फिरलो, पोरांच्या बोटाला शाई लावली. मन लावून काम केलं लोकांनी. पण जुलै महिना. जुलैत ऊसतोडीचं पोरगं आपल्या गावात असतं, शाळेत नाव असतं, कदाचित त्या दिवशी वर्गातही बसलेलं असतं. त्याला शोधायचं तर जानेवारीत, रात्री, फडात जायला पाहिजे. आता सरल प्रणाली आली, आधार जोडलं, दुहेरी नावं बरीच कमी झाली. वाचता न येणं मात्र त्यात दिसत नाही.

त्यानंतर आम्ही तीन शिक्षकांनी थोडं वेगळं करून बघितलं. फार मोठं काही नाही. दिवाळीनंतर मुकादमांकडून टोळ्यांची नावं घ्यायची, पहिल्याच रविवारी खोप्यांवर जायचं. पोराला कितवी विचारायची नाही, हातात पुस्तक द्यायचं. जिथपर्यंत वाचतो तिथून सुरू. बैलगाडीच्या टोळ्या कारखान्याच्या आसपास एका जागी राहतात, त्यांची पोरं थोडीफार टिकली. दोन-अडीच महिन्यांत काही जण साधी वाक्यं वाचायला लागले. ट्रॅक्टरच्या टोळ्यांचं जमलं नाही, त्या फिरत्या. मार्चमध्ये जाताना शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं, आम्ही त्याच्यासोबत एका कागदावर लिहून द्यायचो, याला जोडाक्षरं येत नाहीत, बाकी येतं. गावाकडच्या शिक्षकाला फोन करायचो. काहींनी मनावर घेतलं, काहींना आमचा आगाऊपणा वाटला.

खरं बरं हेच की पोरगं यायलाच नको, गावाकडंच हंगामी वसतिगृहात राहावं. पण वसतिगृहाची मंजुरी दिवाळीनंतर आली तर तोवर टोळी निघून गेलेली असते. आणि लहान भावंडांना आजीपाशी ठेवतात, १२ वर्षांच्या मुलग्याला नेतात. त्याच्या हातांसाठीच नेतात. वसतिगृह त्याच्या जेवणाची सोय करतं. मोळ्यांची सोय कोण करणार?

'कामाचा पोरगा' मात्र आम्ही बंद केला. पाणी, घंटा, चहा, सगळ्यांच्या पाळ्या लावल्या, मुलींच्याही, माझीही. आणि मराठीच्या तासाला कुणालाही बाहेर पाठवायचं नाही. याला कुणाची मंजुरी लागली नाही. हे पहिल्या वर्षी सुचायला हवं होतं, सुचलं पंचविसाव्या वर्षाच्या पुढं.

निवृत्तीआधी दोनेक वर्षांची गोष्ट, नोव्हेंबरच. सकाळी परिपाठ चालू होता. फाटकापाशी १९-२० वर्षांचा एक तरुण उभा, हाताला धरून एक बारकं पोरगं. मी ओळखलं नाही. तो म्हणाला, "सर, तुम्ही वाढं घ्यायचे माझ्याकडून." आता त्याचा स्वतःचा कोयता होता. बायको फडात गेली होती, तिला एकटीला किती वेळ ठेवणार म्हणून तो घाईत होता. सोबतचा त्याचा सगळ्यात धाकटा भाऊ.

मी प्रवेशाचं रजिस्टर उघडलं, नाव लिहिलं, जन्मतारीख विचारली. मग सवयीनं विचारून गेलो, कितवीला?

"तिसरीला हाये सर," तो म्हणाला. आणि भावाच्या खांद्यावर हात ठेवून लगेच पुढं, "पर वाचता येत नाही त्याला. आधीच सांगतो."

मी रजिस्टर मिटलं आणि कपाटातून पहिलीचं पुस्तक काढलं.